परत पाठवलेल्यांचा रकाना

शहागंजात रात्री साडेदहा-अकरानंतर फिरलं तर शहराचा दुसराच संसार दिसतो. फळांच्या हातगाड्या झाकल्या जातात, दुकानांची शटरं खाली येतात आणि घड्याळाच्या मनोऱ्याच्या आजूबाजूला पायऱ्या-पायऱ्यांवर पोती, गोधड्या पसरल्या जातात. झोपलेली माणसं मोजा. जवळपास सगळे पुरुष. मग या शहरात बेघर बाई नाहीच का? आहे ना! पण ती दिव्याखाली झोपत नाही. हातगाडीच्या आड, बंद टपरीच्या मागे, नाहीतर दवाखान्याच्या आवारात पेशंटच्या नातेवाइकांच्या घोळक्यात ती बसून असते. कोणी हटकलं तर "आमचा माणूस आत ॲडमिट आहे" म्हणायची सोय असते तिथे. झोप ती दिवसा काढते, एखाद्या देवळाच्या किंवा दर्ग्याच्या आवारात, चार माणसांच्या देखत.

आमच्या मंडळातल्या आम्ही काही जणी गेली काही वर्षं अशा बायकांसाठी थोडंफार काम करतो. थंडीत ब्लँकेट वाटणारे पुष्कळ असतात. फोटोग्राफर घेऊनच येतात बिचारे. जेवणही कोणी ना कोणी देतं. पण या कामात मला सगळ्यात जास्त त्रास कशाने होत असेल, तर तो एका वहीने. निवारागृहाच्या नोंदवहीने.

मैत्रिणींनो, वहीवर कसला लेख लिहायचा, असं तुम्हाला वाटेल. पण किराणाच्या वहीत जे लिहिलेलं नाही त्याचे पैसे दुकानदार मागत नाही, हे आपल्याला चांगलं माहीत असतं. सरकारचंही तसंच आहे. वहीत जे आलं नाही, त्याच्यासाठी पैसे मागता येत नाहीत आणि मिळतही नाहीत.

एका निवारागृहातली वही मी नीट पाहिली आहे. अनुक्रमांक, नाव, वय, स्त्री की पुरुष, मूळ गाव, आधार क्रमांक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही किंवा अंगठा. महिन्याच्या शेवटी खाली बेरीज आणि ती बेरीज वरच्या कार्यालयात 'लाभार्थी' म्हणून जाते. आता हिशेब बघा. तीच वीस माणसं तीस रात्री झोपली, तर लाभार्थी सहाशे. प्रत्यक्षात माणसं वीसच! उलट, साठ वेगवेगळ्या बायका दोन-दोन रात्री राहून गेल्या, तर आकडा एकशेवीस. मग कागदावर कोणतं निवारागृह चांगलं चाललंय असं दिसेल? अलीकडे हे सगळं कॉम्प्युटरवर भरतात. पण रकाने तेच राहिले, फक्त वहीतून पडद्यावर गेले.

आणि जी आत आलीच नाही तिचं काय?

डिसेंबरातल्या एका रात्री आम्ही एका बाईला दोन मुलांसह निवाऱ्यात पोचवायला गेलो होतो. नवऱ्याने घराबाहेर काढलेली. मुलगी सात वर्षांची, मुलगा तेरा-चौदाचा. बायकांच्या खोलीत एवढा मोठा मुलगा चालणार नाही, म्हणाले. पुरुषांच्या खोलीत त्याला एकट्याला ठेवायला आई तयार नाही. कुठलीच आई झाली नसती. तिथल्या काळजीवाहकाचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला नियम तसाच दिलेला. अर्ध्या तासाने ती बाई दोन्ही पोरांना घेऊन परत निघाली. आमच्यातल्या एकीने त्या रात्रीपुरती सोय केली, ती गोष्ट वेगळी. पण त्या रात्रीची वही काय सांगते? बायकांच्या खोलीत दोन खाटा रिकाम्या. पुढे एका बैठकीत एक अधिकारी आम्हाला अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, मागणीच नाहीये. खाटा रिकाम्या राहतात. आकडे आहेत माझ्याकडे."

आकडे होतेच त्यांच्याकडे. खोटे नव्हते. फक्त दारातून परत गेलेल्या आईला त्या आकड्यांत जागा नव्हती.

नियम काय आहेत तेही सांगते, कारण ते आपल्याला कोणी सांगत नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात, वर्षभर चोवीस तास उघडे असणारे निवारे हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांना सांगितलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ते कागदावर आणलं : लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट जागा, आणि बायका व त्यांची लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांच्यासाठी वेगळा विचार. निवाऱ्यात आलेल्याला ओळखपत्र, रेशन, पेन्शन, दवाखाना यांच्याशी जोडून देणं हेही त्यातच येतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेच अकराशेहून जास्त माणसांची सोय हवी. निवारे का उभे राहत नाहीत हे बघायला न्यायालयाला २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली, यावरून देशभर या नियमाचं काय झालं ते कळतं.

त्या अकराशेत बायका किती धरायच्या? इथे पुन्हा मोजणीपाशीच येतो आपण. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे पावणेअठरा लाख बेघर मोजले, त्यातले महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांच्या घरात. ही मोजणी एका रात्रीत होते, २८ फेब्रुवारीच्या. प्रगणक फुटपाथ, पुलाखालच्या जागा, फलाट, देवळांची आवारं फिरतात. पण रात्री दिसू नये यासाठीच जिची सगळी धडपड चालते, ती त्यांना दिसणार कशी? दवाखान्याच्या आवारात नातेवाईक म्हणून बसलेलीला कोण विचारणार, की बाई गं, तुझा पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?

न मोजलेल्या माणसांचं काय होतं, ते आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघालेले, मध्य प्रदेशातले. त्यानंतर सप्टेंबरात संसदेत विचारलं गेलं, टाळेबंदीत घरी जाताना किती मजूर गेले? उत्तर आलं, अशी माहिती ठेवलेली नाही.

मग सरळ सगळ्यांची नावं-गावं लिहून घ्या, आधार जोडा, एकच मोठी यादी करा, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. आमच्या बायका नाव सांगायला घाबरतात, आणि त्याला कारणं आहेत. एक म्हणजे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा. भीक मागताना सापडलं तर पकडून नेता येतं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली, आपल्याकडची त्या निकालाने गेली नाहीत. त्यामुळे वही घेऊन आलेला माणूस म्हणजे गाडीत घालून नेणारा माणूस, हेच डोक्यात पक्कं. दुसरं कारण घरचंच. नवरा, दीर, कधी सख्खा भाऊ. आम्ही ओळखतो अशी एक बाई तीन ठिकाणी तीन नावं सांगते. निवाऱ्यात एक, दवाखान्याच्या केसपेपरवर दुसरं, कामावर तिसरं. तिचा नवरा एकदा निवाऱ्याच्या दारात येऊन "माझी बायको इथे आहे का, वही दाखवा" म्हणून उभा राहिला होता. टेबलावर उघडीच पडलेली ती वही. नशीब, तिचं खरं नाव त्यात नव्हतं.

आता यावर तिला लबाड म्हणायचं का? मी तर शहाणी म्हणेन.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न सुटलाय असं नाही, पण त्यांनी त्यावर डोकं चालवलं आहे. लंडनमध्ये रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या अनेक संस्थांची मिळून 'चेन' नावाची एक सामाईक नोंद आहे. तिथे खाटा मोजून थांबत नाहीत. माणूस पहिल्यांदाच रस्त्यावर आलाय, की बऱ्याच काळापासून तिथेच आहे, की मध्ये जाऊन परत आलाय, हे बघतात. तिन्हींना मदत वेगवेगळी लागते, हे कुठल्याही सासुरवाशिणीला सांगायला नको. अमेरिकेत २००१ पासून शहराशहरांत बेघरांच्या नोंदींची संगणकीय पद्धत उभी राहिली, एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये हा तिचा एक हेतू. पण तिथल्या बायकांच्या संघटनांना तीच भीती वाटली जी आपल्या त्या बाईला वाटते. म्हणून २००५ मध्ये कायद्यातच घातलं, की मारहाणीतून सुटून आलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थांनी त्यांची ओळख पटेल अशी माहिती त्या सामाईक यादीत भरायची नाही. वेगळी नोंद ठेवायची आणि वर फक्त बेरीज द्यायची. एवढ्या यंत्रणाप्रेमी देशाला हे कळलं, तर आपल्यालाही कळायला हरकत नाही.

आधारचंही तेच. २०१८ च्या जानेवारीत उत्तर प्रदेशातल्या निवाऱ्यांचा विषय निघाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं होतं, की ज्याला घर नाही त्याच्या आधारवर पत्ता काय लिहायचा? निवडणूक आयोगाने हा पेच केव्हाच सोडवलाय. बेघराला मतदार व्हायचं असेल तर पत्त्याचा कागद लागत नाही. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन खात्री करायची, की हा माणूस खरंच इथे झोपतो. आयोगाच्या पद्धतीत हे बसतं. मग एका रात्रीच्या खाटेसाठी बारा आकडे कशाला हवेत?

मी काही कॉम्प्युटरवाली नाही, बी.ए. मराठी झालेली गृहिणी आहे. पण घर चालवणाऱ्या बाईला हिशेबाचे रकाने पाडता येतात. आमचं म्हणणं झोन कार्यालयात लेखी दिलं आहे, आवक शिक्क्यासह. नोंदवहीत एक रकाना वाढवा : 'परत पाठवले'. कोण, किती, कशामुळे. मोठा मुलगा बरोबर होता, कागद नव्हता, खाट नव्हती, बाई गरोदर होती, दारू प्यायलेली होती, जे असेल ते. नाव नको. महिन्याला दोन बेरजा द्या, रात्री किती आणि माणसं किती. नाव बाई सांगेल ते लिहा. खरं नाव तिने सांगितलंच तर ते वेगळ्या, कुलुपातल्या कागदावर ठेवा, आणि ती वही मागायला नवरा आला काय नि नेता आला काय, दाखवायची नाही.

"वरून आलेल्या नमुन्यात हा रकाना नाही," असं आम्हाला तोंडी उत्तर मिळालं. वरच्या नमुन्यात नसेल. आपल्या वहीत पट्टी-पेन्सिलने आखायला दिल्लीची परवानगी लागत नाही. एप्रिल २०२० नंतर काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता, तेव्हा असं काही कोणापाशी बोलावं हेही आम्हाला कळायचं नाही. झोन कार्यालयात खेपा घालायच्या, एवढंच. आणि हो, रात्री बारा वाजता ती वही भरणाऱ्या कंत्राटी काळजीवाहकाला वेळेवर पगार द्या, हेही अर्जात लिहिलंय. पगार थकलेल्या माणसाकडून जास्तीचा रकाना भरून घ्यायचा म्हणजे तो अंदाजाने भरणार.

कोरोनाने लांबलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. बेघरांची मोजणी त्याच्या आदल्या रात्री होईल, आजवर तशीच होत आली आहे. त्या रात्री शहागंज, रेल्वे स्टेशन आणि दवाखान्यांच्या बाजूला प्रगणकांबरोबर फिरायची परवानगी आम्ही मागणार आहोत. बायका कुठे बसतात ते आम्हाला माहीत आहे, आणि आम्ही बरोबर असलो तर निदान काही जणी तरी तोंडावरचा पदर बाजूला करतील. आमच्यातल्या सहा जणींनी नावं दिली आहेत. रात्रीचं काम आहे, घरी आधी सांगून ठेवावं लागेल. आणखी कोणाला यायचं असेल तर आपल्या भागातल्या महिला मंडळात चौकशी करा.