पाखरांचा वाटा आणि जागलीचा दाम

हत्तीचा पाऊस सरला की वावराचे रूप आठ दिवसांत पालटते. ढग पांगतात, दुपारचे ऊन चटके देऊ लागते आणि पहाटे धुऱ्यावरच्या गवतावर दव दिसते. पऱ्हाटीला खाली बोंडे, वर पात्या-फुले. ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दुधात आलेली. धुऱ्यावर तरवड पिवळा झालेला, ओळींमध्ये कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तरोट्याला शेंगा. तारेवर कोतवाल बसतो, वेडा राघू हवेत गिरकी घेऊन माशी टिपतो, दसऱ्याच्या सुमाराला बाभळीवर नीलकंठ दिसतो. आणि रात्री? रात्री नाल्याकडून रानडुकरांचा कळप येतो, पहाटे रोही येतात.

शहरातला माणूस हे सारे पाहील तर म्हणेल, काय हा निसर्ग! शेतकरी तेच पाहतो आणि विचारतो, आज जागलीला कोण जाणार? दोघेही खोटे बोलत नाहीत. पण या दोघांच्या मधे एक हिशोब आहे आणि तो आजवर कोणी मांडलेला नाही. सरकारने मांडला नाही, विद्यापीठाने मांडला नाही आणि खरे सांगायचे तर आपणही मांडला नाही. या अंकात तो मांडायचा आहे. जमेची बाजूही लिहायची आणि नावेचीही.

आधी जमा पाहू. आपले बाप-आजे पऱ्हाटीत ठराविक अंतराने ज्वारीच्या ओळी टाकत. ते काही हौसेने नव्हे. घरची भाकर आणि ढोरांचा कडबा त्यातून निघे. पण त्याच ताटांवर कोतवाल येऊन बसे आणि पऱ्हाटीवरचे पतंग, नाकतोडे, अळ्या टिपून खाई. आज कृषी खाते 'पक्षीथांबे उभारा' असे सांगते. थांबे आपल्याकडे होतेच. ज्वारी गेली, तिच्याबरोबर थांबेही गेले.

दुसरी गोष्ट टारफुल्याची. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस पिणारे हे तण. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि यजमान पिकाचे मूळ जवळ आले तरच रुजते. 1966 साली शास्त्रज्ञांनी या बियाला जागे करणारा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला, तो कपाशीच्या मुळांतून. कपाशीचे मूळ टारफुल्याच्या बियाला उठवते, पण पोसत नाही. बी रुजते आणि उपाशी मरते. म्हणजे ज्वारीनंतर कपाशी, कपाशीनंतर ज्वारी ही आपली जुनी फेरपालट अडाण्याची नव्हती. ज्या वावरात कपाशी होती, तिथे तण स्वतःच्या पायाने मरणाला जात होते आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च नव्हता.

तिसरी गोष्ट मित्रकिडींची. ढालकिडा आणि त्याची अळी मावा खाते. क्रायसोपाची अळी मावा, तुडतुडे आणि पतंगांची अंडी खाते. यांची मजुरी कोणाला द्यावी लागत नाही. पण तुडतुडा दिसला की पंप पाठीवर घ्यायचा, पंधरा दिवसांनी परत घ्यायचा, हे सुरू झाले की आधी हे फुकटचे मजूर मरतात. किडीची पिलावळ झपाट्याने वाढते, मित्रकिडीची हळू. म्हणून फवारलेल्या वावरात कीड पुन्हा आधी येते आणि दुकानदार म्हणतो, आता दोन औषधे मिसळून मारा.

आमचा तंत्रज्ञानाला विरोध नाही. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा हिरव्या बोंडअळीने नागवलेल्या शेतकऱ्याला श्वास घेता आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोणतेही बियाणे वावरातल्या बाकीच्या जिवांचे काम करत नाही. 2017 च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने त्याच बीटीची बोंडे पोखरली. त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान वीस शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याच्या वर वाढलेल्या पऱ्हाटीत घामाने भिजलेल्या अंगाने फवारणारा माणूस हा या हिशोबातला सर्वात महाग आकडा आहे. तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

आता नावेची बाजू. ती लिहिताना लाजायचे कारण नाही. ज्वारी दुधात आली की चिमण्या, पोपट, होले थव्याने उतरतात. भोरड्या तर दोन्ही बाजूंना मांडाव्या लागतील. मध्य आशियाकडून पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणारी ही पाखरे नाकतोडे फस्त करतात, ही जमा. रब्बी ज्वारीच्या कणसात दाणा भरला की हाच थवा पीक धुऊन नेतो, हे नावे.

एक साधा हिशोब करून पाहा. समजा, एक एकर ज्वारीला दाणा भरल्यापासून कापणीपर्यंत वीस दिवस राखण करावी लागली आणि राखण्याची मजुरी दिवसाला 300 रुपये धरली. सहा हजार रुपये झाले. 2025-26 च्या खरिपासाठी केंद्र सरकारने संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला 3,699 रुपये जाहीर केली. म्हणजे त्या भावाने धरले तरी दीड क्विंटलच्या वर ज्वारी नुसत्या गोफणीत गेली. कोरडवाहूत एकरी आठ क्विंटल पिकले तर पाचवा हिस्सा. आणि बाजारात तेवढा भाव मिळाला नाही तर हिस्सा आणखी मोठा. यात रात्रीची जागल धरलेली नाही. घरच्या म्हाताऱ्याने माळ्यावर काढलेल्या रात्री, शाळा बुडवून डबा बडवणारे पोर, यांचा दाम कुठेच दिसत नाही. 2023 हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीला 'श्री अन्न' म्हटले गेले. नाव मोठे झाले. राखण्याची भाकर तेवढीच राहिली.

रोही, रानडुक्कर आणि काळवीट यांचा हिशोब तर उघड अन्यायाचा आहे. शेजाऱ्याचे ढोर वावरात शिरले तर ते कोंडवाड्यात जाते आणि मालक दंड भरतो. वन्यप्राण्यांचा मालक कोण? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 39 सांगते की शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. म्हणजे जिवंत असताना चारा शेतकऱ्याचा आणि मेल्यावर मालमत्ता सरकारची!

अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. 1980 साली झाले. क्षेत्र किती? 2.17 चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम 217 हेक्टर. त्या माळावर काळवीट राहते, हे खरे. पण ते पोट कुठे भरते हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा.

माळढोकाचे झाले ते याच्या उलट. 1979 साली सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात शेकडो गावांच्या खाजगी जमिनी आल्या, खरेदी-विक्रीला अडथळे आले. 2012 साली ते क्षेत्र कमी करून साधारण बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. तेवढ्या काळात पाखरू वाढले का? नाही. आज माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. जे पाखरू मोकळ्या माळावर राहत होते आणि कोरडवाहू वावरात चरत होते, ते शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर शिक्का मारून वाचणार नव्हते. ज्याच्या वावरात ते चरते त्याला ते परवडले पाहिजे, ही साधी गोष्ट कोणी लक्षात घेतली नाही.

आता मुद्द्यावर येऊ. ज्वारी आपल्या शिवारातून का गेली? भाव परवडला नाही म्हणून. लवकर येणारे संकरित वाण परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडू लागला म्हणून. सोयाबीनला रोख पैसा दिसला म्हणून. एकेका शेतकऱ्याने ज्वारी सोडली आणि ज्याने सोडली नाही त्याच्यावर सगळ्या गावाची पाखरे आली. पूर्वी शंभर एकरात वाटली जाणारी पाखरे आता एका एकरावर उतरतात. पुढच्या वर्षी तोही ज्वारी सोडतो. मग पाखरांचा वाटा संपतो, कडबा संपतो, पऱ्हाटीतले थांबे संपतात. नासाडी संपत नाही, ती फक्त दुसऱ्या पिकावर जाते.

आपण पाखरांना कधी कंजूषपणा दाखवलेला नाही. पहिल्या वेचणीला सीतादही करून वावरात दहीभात ठेवणारी आपली माणसे. ओसरीला चिमण्यांसाठी ज्वारीची कणसे टांगणारी आपलीच घरे. वाटा द्यायला आपली ना नव्हती. पण वाटा देणारा स्वतः उपाशी असेल तर तो वाटा राहत नाही, ती लूट होते.

म्हणून शेतकरी बंधूंनो, मायबहिणींनो, या हंगामात चार कामे करू.

पहिले काम मोजण्याचे. मोजल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून त्यातल्या दोनात अळी निघाली, तर शेंदरी बोंडअळीसाठी फवारणीची वेळ आली असे समजा. डोमकळ्या दिसल्या तर तोडून नष्ट करा. फवारणी करावीच लागली तर हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याच्या दिशेने पाठ, आणि उपाशीपोटी नाही.

दुसरे काम एकजुटीचे. ज्यांना ज्वारी पेरायची आहे त्यांनी पुढच्या मृगापूर्वी बसून ठरवा. एका शिवारात, लागून लागून, एकाच आठवड्यात, एकाच मुदतीचे वाण पेरा. दाणा सगळीकडे एकदम भरला की पाखरे वाटली जातात आणि राखणही वाटून घेता येते. एकदम पेरणीने खोडमाशी आणि मिजमाशीचाही त्रास कमी होतो. पऱ्हाटीत निदान धुऱ्याकडेने ज्वारीच्या ओळी परत आणा.

तिसरे काम कागदाचे. नुकसान झाले की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत खुणा पुसू नका, फोटो काढून ठेवा. कायद्याच्या कलम 11 मध्ये पहिल्या अनुसूचीबाहेरचा प्राणी उभ्या पिकाला धोका झाला तर परवानगी देण्याची तरतूद आहे. कलम 62 खाली केंद्र सरकार ठराविक भागात, ठराविक मुदतीसाठी प्राणी उपद्रवी ठरवू शकते. 2015 च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुकराबाबत तसे झालेही होते. मागायचे ते कायद्याने आणि गावाच्या ठरावाने मागा. मात्र एक गोष्ट हात जोडून सांगतो. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडू नका. त्या तारेला डुक्कर लागेल की वाघ, की पहाटे पाणी पाहायला निघालेला आपलाच भाऊ, हे ती तार विचारत नाही.

चौथे काम मागणीचे. काळवीट, माळढोक, तणमोर ही देशाची संपत्ती आहे असे देश म्हणतो. आम्हाला ते मान्य आहे. मग देशाने तिचा चारा द्यावा. नुकसानीची भरपाई बाजारभावाने मिळावी, मुदतीत मिळावी आणि जागलीची मजुरी त्यात धरावी. ही भीक नाही. देशाचे ढोर आम्ही आमच्या वावरात पाळतो, त्याची ही राखोळी आहे.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने एक वही आणावी. डाव्या पानावर जमा: कोतवाल किती दिसले, ढालकिडे कोणत्या ओळीत होते, किती फवारण्या वाचल्या. उजव्या पानावर नावे: किती रात्री जागल केली, किती ओळी डुकरांनी लोळवल्या, किती कणसे रिकामी झाली. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या. गावागावांतून अशा वह्या आल्या की त्या एकत्र बांधून आपण जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊ. तोंडी गाऱ्हाणे ऐकून साहेब मान डोलावतो. लिहिलेल्या हिशोबाला त्याला उत्तर द्यावे लागते.