माइक मुलांच्या हाती द्या

आपल्या इंदूरच्या सुशील दोशींनी आकाशवाणीवरून हिंदीत क्रिकेटचं धावतं समालोचन केलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षालाही त्यांचंच नाव आहे. उतारवयात माझ्या वडिलांची नजर गेली होती, पण दोशी बोलू लागले की त्यांना चौकार ‘दिसायचा’.

आपल्या पॅरिश शाळांच्या क्रीडादिनी मात्र माइकवर काय? पाहुण्यांचे सत्कार आणि सिनेमाची गाणी! एक सुचवतो. जो मुलगा पळू शकत नाही, त्याच्या हाती माइक द्या. मराठीत, हिंदीत, जमेल तसं बोलू दे. कडेला बसलेल्याच्या पदरातही देवानं एखादी देणगी घातलेलीच असते.

– एक निवृत्त शिक्षक, इंदूर