चौकटीबाहेरचे वर्तुळ

लोकसभेत २० आणि २१ डिसेंबर २०२२ रोजी नियम १९३ अन्वये अमली पदार्थांच्या समस्येवर चर्चा झाली. या नियमाखालील चर्चेअंती मतदान होत नसल्यामुळे सदस्य मोकळेपणाने बोलतात आणि पत्रकारांची गॅलरी लवकर रिकामी होते. सीमेपलीकडून येणारे ड्रोन, बंदरांत उतरणारे कंटेनर, जप्तीचे आकडे आणि ते कोणाच्या कारकिर्दीत वाढले याविषयीची चकमक, असे चर्चेचे एकंदर स्वरूप राहिले. उत्तरादाखल गृहमंत्री अमित शहा यांनी मात्र व्यसन करणारा हा पीडित असून त्याच्याकडे सहानुभूतीने पाहावे, अशी भूमिका घेतली. सरकारच्या बाजूने इतक्या स्पष्टपणे ती क्वचितच मांडली गेली असेल. परंतु या पीडिताला गाठायचे कोणी, त्याला सावरायचे कोणी आणि सावरल्यानंतर पुन्हा घसरू न देण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न सभागृहात फारसा कोणी विचारला नाही.

तो विचारण्यासारखी आकडेवारी सरकारच्याच हाती आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. तंबाखूचे चित्र याहून व्यापक. २०१६-१७ च्या पाहणीत २६ कोटी ७० लाख प्रौढ तिचे सेवन करत होते. ज्या देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, तेथे ही दरी खाटा वाढवून भरून निघेल असे मानणे हा प्रशासकीय भाबडेपणा झाला.

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीची दिशा दाखविली. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या तरतुदीला विरोध करणाऱ्यांत आदिवासींच्या वतीने बोलणारे जयपालसिंग मुंडा होते, तसेच कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकरही होते. तेव्हापासून आपला सारा वाद बंदी असावी की नसावी, याच खुंटीभोवती फिरतो आहे. बिहारने २०१६ मध्ये बंदी आणली. चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मे २०२० मध्ये टाळेबंदीतून दुकाने उघडताच दिल्ली सरकारने मद्यावर ७० टक्के विशेष कर बसविला, तो महिनाभरातच मागे घेतला. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने राज्यांच्या तिजोरीचा जीव त्यात अडकलेला आहे, हे उघड गुपित आहे. एका टोकाला बंदी आणि दुसऱ्या टोकाला महसूल. या दोहोंच्या मधला माणूस, म्हणजे ज्याला दारू सोडायची आहे पण सुटत नाही, तो धोरणाच्या परिघाबाहेरच राहतो.

या माणसासाठी जगभर टिकलेली एक व्यवस्था सरकारांनी निर्माण केलेली नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही पिण्याने उद्ध्वस्त होत आलेले, एकमेकांना भेटले. दलालाच्या एक गोष्ट ध्यानात आली: समोरच्याला उपदेश न करता आपली कर्मकहाणी सांगितली, की त्या दिवसापुरती स्वतःचीही तल्लफ ओसरते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ या निरीक्षणावर उभी आहे. मदत करणारा आणि घेणारा यांच्यात येथे उच्चनीच भाव नसतो, कारण मदत करणाऱ्याचे सावरणेही त्या मदतीवरच अवलंबून असते. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्यात हे घडू शकत नाही. भारतात ही चळवळ पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आली, आणि दिल्लीतील तिच्या प्रारंभाशी कॅनडाच्या उच्चायुक्तालयातील एका कर्मचाऱ्याचा संबंध होता. एखाद्या परदेशी वकिलातीने या राजधानीला दिलेली ही बहुधा सर्वांत कमी गाजलेली देणगी असावी.

मराठी वाचकाला याचे देशी रूप ठाऊक आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे अर्थसाह्य लाभले, ही कथा सर्वश्रुत आहे. तुलनेने कमी बोलले जाते ते हे, की तेथून बाहेर पडलेले अनेक रुग्णमित्रच पुढे तेथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्याने आलेल्या आणि साऱ्यांवर संतापलेल्या माणसासमोर जेव्हा ‘मी याच खाटेवर होतो’ असे म्हणणारा बसतो, तेव्हा सबबींचे निम्मे शस्त्रागार आपोआप निकामी होते.

विज्ञानाने या मार्गाकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. २००६ मधील कॉक्रेन समीक्षेत त्याच्या बाजूने ठोस पुरावा आढळला नव्हता. २०२० मध्ये २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्ती विचारात घेऊन झालेल्या नव्या समीक्षेने मात्र वेगळा निष्कर्ष काढला: सलग मद्यमुक्त राहण्याच्या निकषावर या गटांकडे नेणारे सुसूत्र उपचार अन्य प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. गोव्यातील ‘संगत’ संस्थेचा प्रयोग थोडा निराळा होता. त्यातील समुपदेशक व्यसनातून सावरलेले असण्याची अट नव्हती, ते केवळ प्रशिक्षित सामान्य नागरिक होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी केलेल्या मोजक्या भेटींनंतर तीन महिन्यांनी त्या गटातील ४२ टक्के पुरुष मद्यमुक्त आढळले, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

याचा अर्थ डॉक्टर नकोत असा काढला, तर तो जीवघेणा ठरेल. अनेक वर्षांची दारू एकाएकी तोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रमावस्था होऊन मृत्यूही ओढवू शकतो. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. ‘गोळी घेणारा खरा मुक्त नव्हे’ अशी जी भाषा काही स्वमदत गटांत ऐकू येते, ती थांबायला हवी. आणखी एक अप्रिय बाब. माणसांना डांबून ठेवणारी, मारहाण करणारी जी खासगी ‘नशामुक्ती केंद्रे’ उत्तर भारतात वेळोवेळी उघडकीस आली, त्यांतील काहींचे चालक स्वतः पूर्वाश्रमीचे व्यसनीच होते. सहानुभवाचा दाखला हा सुजाणपणाचा दाखला नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांशी निगडित विकारांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे आणि अशा आस्थापनांना नोंदणीची सक्ती केली आहे. तिची अंमलबजावणी राज्यांच्या प्राधिकरणांवर सोपविलेली आहे, आणि घोडे तेथेच पेंड खाते.

सरकारी योजनांत ‘पीअर’ हा शब्द आता रुळला आहे. अमली पदार्थांची मागणी घटविण्यासाठीच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात समवयस्कांच्या पुढाकाराने चालणारे उपक्रम आहेत आणि पुनर्वसन केंद्रांत व्यसनातून सावरलेल्या व्यक्तीसाठी पद आहे. परंतु पहिल्यात समवयस्क म्हणजे वयाने बरोबरीचे, व्यसनानुभवाने नव्हे, आणि त्यांचे मुख्य काम जनजागृतीचे. दुसऱ्यातील कार्यकर्त्याच्या अनुभवाला पुढची पायरी कोणती, हे योजनेत शोधावे लागते. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानाचे यश किती कोटी लोकांपर्यंत संदेश पोहोचला यात मोजले जाते. शपथ घेणाऱ्यांची गणती होते. वर्षभराने किती जण सावरलेले राहिले याची होत नाही.

कायद्याची गाठ याहून अवघड. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे २७ वे कलम सेवनाला शिक्षा सांगते. कलम ६४ क स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला अभय देते, पण उपचार पूर्ण न केल्यास ते काढून घेता येते. व्यसनाच्या आजाराचे वैशिष्ट्य हेच, की त्यात माणूस घसरतो, उठतो, पुन्हा घसरतो. उपचार ‘पूर्ण’ कधी झाला, हे वीस वर्षे दारूपासून दूर असलेला माणूसही सांगणार नाही, तो ‘आजचा दिवस’ एवढेच म्हणेल. गृहमंत्र्यांचा ‘पीडित’ हा शब्द गंभीरपणे घ्यायचा असेल, तर अल्प प्रमाणातील सेवनाला फौजदारी कायद्यातून बाहेर काढण्याची दुरुस्ती सरकारनेच आणली पाहिजे.

पैशाचा प्रश्न गमतीचा आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस आपल्या परंपरेनुसार बाहेरची देणगी घेत नाही, सरकारचीही नाही. जमलेले लोक आपसांत वर्गणी काढून खोलीचे भाडे देतात. अनुदान, लेखापरीक्षण आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांवर चालणाऱ्या मंत्रालयाने अशा संस्थेचे करायचे काय? करण्यासारखे पुष्कळ आहे. सरकारी रुग्णालयातून घरी जाणाऱ्या प्रत्येक व्यसनग्रस्ताची जवळच्या गटाशी तेथेच, खाटेपाशी गाठ घालून द्यावी. शाळा, समाजमंदिरे सायंकाळी रास्त भाड्याने खुली करावीत. मानसिक आरोग्य कायद्याने केंद्रीय प्राधिकरणावर स्वतः आजारातून गेलेल्यांच्या प्रतिनिधींना जागा दिली आहे. तोच न्याय व्यसनमुक्तीच्या राज्य व जिल्हा समित्यांना लावावा.

राजधानीतील मराठी माणसाच्या दोन अडचणी येथे नमूद करायला हव्यात. पहिली, अधिकाऱ्यांची. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियमांतील २२ वा नियम कर्तव्यावर नशेत असू नये, सेवनाचा अतिरेक करू नये, सार्वजनिक ठिकाणी नशेत दिसू नये, असे बजावतो. उपचार घेऊ इच्छिणाऱ्याला संरक्षण देणारे त्यात अक्षर नाही. परिणामी मंत्रालयातला माणूस आजार लपवितो आणि प्रकरण शिस्तभंगाच्या फायलीतूनच प्रथम वर येते. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्याची माहिती गोपनीय अहवालात उतरणार नाही, एवढे एक परिपत्रक कार्मिक विभागाला काढता येईल.

दुसरी अडचण भाषेची. दिल्लीतील सभा प्रामुख्याने हिंदीत आणि इंग्रजीत भरतात. खानापूर-आटपाडीकडून सोने-चांदीच्या गलाईसाठी आलेला तरुण हिंदीत व्यवहार सफाईने करतो. पण आईचे मंगळसूत्र आपण कसे विकले, हे त्याला हिंदीत सांगता येईल का? येथे गणेशोत्सव मंडळे आहेत, मराठी शाळा आहेत, नाट्यप्रयोगांना गर्दी होते. यांपैकी एखाद्या संस्थेने आठवड्यातून एक संध्याकाळ, फलक न लावता, एक खोली आणि दहा खुर्च्या द्याव्यात. भाडे जरूर घ्यावे.