पत्ता पदाचा हवा

ठाकूरद्वार नाक्याच्या आसपासच्या चाळींची लेटरहेडं पाहा. वर भाडेकरू संघाचं नाव, खाली चाळीचा पत्ता, आणि ईमेलच्या जागी बहुतेक वेळा सचिवांचं स्वतःचं नाव, आडनाव, पुढे जन्मसाल.

पुनर्विकासाचा सगळा पत्रव्यवहार इथे येतो. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची पत्रं, विकासकाचा देकार, आर्किटेक्टचे नकाशे, करारनाम्याचा मसुदा. अख्ख्या चाळीच्या घरांचं दप्तर एका माणसाच्या खासगी खात्यात, त्याच्या वीजबिलांशेजारी पडून असतं. पासवर्ड मुलाला ठाऊक, ओटीपी सुनेच्या मोबाइलवर.

सचिव बदलतात. कोणी डोंबिवलीला राहायला जातं, कोणी अंथरुणाला खिळतं, कोणाचं कमिटीशी बिनसतं. नवे सचिव आपल्या नावाचा नवा पत्ता काढतात आणि जुन्या पत्रांसाठी हातापाया पडत फिरतात. विकासक मात्र जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो. उद्या वाद झाला की ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणायला तो मोकळा.

महापालिकेचं पाहा. सी वॉर्डाच्या सहायक आयुक्तांच्या पत्त्यात कोणाचंही नाव नाही. पदाची दोन अक्षरं आणि वॉर्डाचं एक. शेजारच्या डी वॉर्डाचंही तेच. साहेब बदलून जातात, पत्ता खुर्चीपाशी राहतो. आपल्या तक्रारी ज्या पत्त्यावर जातात तो पदाचा, आणि आपली उत्तरं ज्यावर येतात तो माणसाचा, हे चालवून घेण्यासारखं नाही.

नोंदलेल्या सोसायट्यांना तर सबबच नाही. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमात कलम 160 आहे: मावळत्या अध्यक्षांनी संस्थेचं दप्तर आणि मालमत्ता नव्या अध्यक्षांच्या हवाली करायची. कपाटातल्या फायली त्यात येतात, मग इनबॉक्स घरी कसा नेता येतो?

पत्ता साधा ठेवा. आधी ‘सचिव’, पुढे चाळीचं नाव. चाळीच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि पाटीपासून पासबुकापर्यंत तेच वापरा. अंडरस्कोअर टाळा, फोनवर सांगताना समोरचा हमखास चुकतो. खात्याला जोडलेलं सिम संघाचं हवं. इथेच बहुतेक जण ढिले पडतात. नंबर सचिवांचाच राहिला, तर पत्ता पदाचा करून काहीही हाती लागत नाही, कारण खातं उघडण्याची किल्ली त्यांच्याच खिशात राहते.

सोसायटीला वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या. संस्थेचा ईमेल कोणता, पासवर्ड कोणाकोणाकडे, सिम कोणाच्या नावावर, हे इतिवृत्तात नोंदवून घ्या. ज्यांची घरं पणाला लागली आहेत, त्यांनी हे हात वर करून विचारायला हवं.