धुराच्या गाडीने डबकं आटत नाही

पावसाळ्यात गल्लीतून धुराची गाडी फिरली की लोकांना हायसं वाटतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतात, नगरसेवकाचे आभार मानले जातात. मला मात्र त्या धुराचा राग येतो. धूर विरल्यावर इमारतीमागचं डबकं जसंच्या तसं असतं. धूरफवारणीने त्या वेळी उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना आणि कोषांना काही होत नाही. त्या कोषांतून दोन-तीन दिवसांत नवे डास बाहेर पडतात. साथ भडकली असताना फवारणीचा थोडा उपयोग आहे, पण डबकं बुजवण्याऐवजी धूर मारणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "डॉक्टर, आमच्याकडे घाण पाणी नाहीच." अहो, डेंग्यूच्या एडिस डासाला स्वच्छ पाणीच आवडतं! पाल्याने चोंदलेली पन्हळ, गच्चीचा खोलगट कोपरा, खचलेल्या पेव्हर ब्लॉकवरचं पाणी, एवढं त्याला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने तग धरतात. म्हणून पिंपाचं नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतली बाजू घासावी लागते.

दुसरा आजार लेप्टोस्पायरोसिस. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस झाला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. पण लेप्टोला महापूर लागत नाही. उंदीर-घुशींच्या बिळांत पाणी शिरतं, त्यांचं मूत्र त्या पाण्यात मिसळतं आणि टाचेच्या भेगेतून जंतू आत जातात. घराच्या दारात घोटाभर पाणी असलं तरी पुरे. अशा पाण्यातून चालल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल, असं काही झालं तर 'व्हायरल असेल' म्हणत घरी बसू नका. डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं, सगळ्यांवर बेततं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. हल्ली 'चिखल नको' म्हणून आवारभर कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक घालतात. माती जे पाणी पीत होती ते आता जायचं कुठे? साधा हिशोब करा. 100 चौरस मीटर छतावर 100 मिमी पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी होतं, म्हणजे एक मोठा टँकर. कोकणात, मुंबईत असा दिवस दर पावसाळ्यात येतो. हा टँकर आपण जोत्याशी रिकामा करतो आणि मग आतून भिंतीला महागडा रंग लावतो! त्या ओलीवर बुरशी धरते आणि घरातल्या दमेकऱ्याचा पंप वाढतो.

सगळ्यात भयंकर गोष्ट पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीची. कितीतरी ठिकाणी तिचं झाकण आवाराच्या पातळीतच असतं. अंगणात पाणी तुंबलं, शेजारचं ड्रेनेजचं चेंबर भरून वाहिलं की ते सगळं थेट टाकीत. मग एकाच इमारतीत कावीळ, टायफॉइड, जुलाब यांचे रुग्ण निघतात आणि दोष मात्र बाहेरच्या पाणीपुरीला.

करायचं काय? गवंड्याला विचारा, तो 'ढाळ' म्हणेल. जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांत दोन-अडीच इंच ढाळ हवा. पन्हळी मे महिन्यातच साफ हव्यात. छताचं पाणी बंद पाइपने घरापासून दूर नेऊन पावसाळी गटारात सोडावं. मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलं तर तेच चेंबर उलटतं. शोषखड्डा जांभ्या दगडाच्या किंवा मुरमाच्या जमिनीत छान चालतो, काळ्या मातीत मात्र पाणी मुरत नाही आणि त्याचंच डबकं होतं. खड्डा जोत्यापासून निदान दहा फूट दूर असावा. टाकीच्या तोंडाभोवती वीतभर उंच कट्टा बांधून त्यावर घट्ट झाकण बसवा.

"हे पालिकेचं काम आहे." रस्त्याकडेचं गटार नक्कीच पालिकेचं, आणि ते तुंबलं तर लेखी तक्रार करा, पोच घ्या. कुंपणाच्या आतला ढाळ मात्र पालिका द्यायला येणार नाही. आपलं पाणी शेजारच्या चाळीकडे वळवणं हाही उपाय नव्हे. तिथला डास कुंपण मानत नाही.

सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत प्रवेशद्वाराच्या कमानीचा ठराव येईल तेव्हा एवढंच विचारा, की टाकीचं झाकण जमिनीपासून किती वर आहे. ग्रुपवर टाकायला तोही फोटो चांगला आहे.