यंत्रं त्यांची, फडकं माझं!

आमच्या घरात एक खोली आहे. घर बांधलं तेव्हा ती देवघरासाठी आणि धान्याच्या कोठ्यांसाठी काढली होती. पुढे देव स्वयंपाकघरातल्या फळीवर आले, कोठ्या जिन्याखाली गेल्या आणि त्या खोलीत आमच्या ह्यांची ‘प्रयोगशाळा’ थाटली गेली. हे शाळेत विज्ञान शिकवतात, पण शाळा सुटली तरी विज्ञान काही सुटत नाही! तीन जुने रेडिओ, पोट फाडून ठेवलेला एक टेपरेकॉर्डर, वायरींची भेंडोळी, एक दुर्बीण, रिळाचा कॅमेरा, त्यानंतरचा डिजिटल, त्याच्याही नंतरचा मोठ्या भिंगाचा... प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. मला त्या खोलीत मुभा एवढीच, की हातात फडकं असावं आणि पुसताना काही हलू नये.

एकदा माझा मिक्सर बिघडला म्हणून ह्यांच्याकडे दिला. महिन्याभरानं पाहते तर त्याची मोटर गच्चीवरच्या कसल्याशा पंख्याला लागलेली, आणि मी खाली पाट्यावर चटणी वाटतेय! मी चिडले, तर म्हणाले, “अगं, पाट्यावरची चटणी चवीला चांगली लागते.” आता यावर काय बोलायचं?

खोटं कशाला बोलू, या नादाचा उपयोगही झाला आहे. लोडशेडिंगच्या काळात आमच्या धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, संध्याकाळी गल्लीभर अंधार असायचा. ह्यांनी स्कूटरच्या जुन्या बॅटरीवर दिवा जोडला आणि गल्लीतली दहावीची पोरं आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसू लागली. शेजारणी म्हणायच्या, “वहिनी, तुमचे हे लई हुशार आहेत हो.” मलाही बरं वाटायचं.

माझं मन पालटलं ते दीड वर्षापूर्वी, सासूबाई गेल्या तेव्हा.

दहाव्याला हार घालायला फोटो हवा होता, पेपरात द्यायलाही हवा होता. आमच्या घरात फोटोंना काय तोटा! हार्डडिस्क भरून फोटो. हे रात्री कॉम्प्युटरसमोर बसले ते पहाटेपर्यंत उठलेच नाहीत. नळदुर्गाचे फोटो निघाले, पावसाळ्यातला नर-मादी धबधबा कसा अगदी तुषार मोजावेत असा आलेला. कोपऱ्यात डबा सोडायला वाकलेल्या सासूबाईंची पाठ. येडशीच्या रामलिंगाला गेलो होतो, तिथलं माकड डोळ्यांतल्या चमकेसकट टिपलेलं. त्याच्या मागं धूसर दिसतो तो सासूबाईंचा पदर. तुळजापूरला महाद्वार सुंदर आलंय आणि कडेला नारळ धरलेला एक हात. बांगड्यांवरून ओळखला, त्यांचाच.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात त्या कुणीतरी दटावून बसवल्यासारख्या दिसतात. जन्मभर घर हसतं ठेवलेली ती बाई, आणि भिंतीवर अशी! हे त्या फोटोपुढे बसून लहान मुलासारखे रडले.

दोष एकट्या ह्यांना द्यावा असं मला त्या दिवशी वाटलं होतं. पण मग आठवलं. सासूबाईच म्हणायच्या, “माझा कशाला काढतूस रं? ते बघ पाणी कसं पडतंय, त्याचा काढ.” आणि मी? ह्यांनी दोन-तीनदा कॅमेरा माझ्यापुढे धरला होता. दर वेळी मी हात मागे घेतला. “नको बाई, मला काय कळतंय त्यातलं! काही दाबलं आणि बिघडलं म्हणजे?” ज्या डोळ्यांना सासूबाई रोज दिसत होत्या, त्या डोळ्यांपुढे कॅमेरा कधी आलाच नाही. ह्यांना दिसत होता तो धबधबा ह्यांनी टिपला. मला दिसत होतं ते मी टिपलं नाही. मैत्रिणींनो, हे मला आजही बोचतं.

नादिष्ट माणसाच्या संसारावर लिहायचं तर दादासाहेब फाळक्यांची आठवण येणारच. त्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले, जादूचे प्रयोग केले, छपाईचा धंदा केला. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि आपणही असाच कृष्णाचा, रामाचा करायचा, हे डोक्यात बसलं. मग रात्रंदिवस चित्रपट बघणं आणि यंत्रांशी खेळणं. डोळे इतके ताणले की काही काळ दिसेनासं झालं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये विलायतेला गेले, तिथून कॅमेरा आणला. पहिला प्रयोग काय केला? कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत थोड्या थोड्या वेळानं त्याचं एकेक चित्र घेतलं. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं, तेव्हा कुठे पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं.

आता हेच सगळं त्यांच्या पत्नीच्या, सरस्वतीबाईंच्या जागी उभं राहून बघा. पदरात मुलं, नवऱ्यानं चालता धंदा सोडलेला, घरातलं सामान विकलं जातंय आणि लोक म्हणताहेत की ह्याला वेड लागलं. त्या बाईनं अंगावरचे दागिने काढून दिले. हे आपण कौतुकानं सांगतो. २००९ साली आलेल्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मधूनही हा संसार खूपजणींनी पाहिला असेल.

मला मात्र दागिन्यांपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्या वेळी विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसायची. ती पाडल्याशिवाय फिल्म कॅमेऱ्यात सरकतच नाही. हे काम अंधारात, हातानं करायचं. उजेडाची तिरीप लागली तर सगळी फिल्म वाया. ते काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनं कालवायला शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडावा. आणि हे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, असं सांगतात.

दागिने देणारी बाई त्यागाची मूर्ती म्हणून लगेच आपल्या ओळखीची होते. अंधारात बसून बिनचूक भोकं पाडणारी बाई मात्र कारागीर असते, आणि तिचं नाव घ्यायला आपण विसरतो. भारतातला पहिला मोठा कथापट बनला, त्या घरात यंत्र जाणणारी माणसं दोन होती. एक नव्हे!

आता आपल्या घरांकडे येते. नवरा रविवारी कॅमेरा घेऊन किल्ल्यावर गेला तर तो ‘छंद’. पोरगा दिवसभर मोबाईल उघडून आत काय आहे ते बघतो, तो ‘डोक्यानं तल्लख’. आणि बाईचा छंद? तिनं शिवलं तर ब्लाऊजचे पैसे वाचले पाहिजेत, पापड केले तर विकले पाहिजेत, रांगोळी काढली तर ती दारातच शोभली पाहिजे. बाईच्या हौसेला उपयोगाची चिठ्ठी जोडलेली लागते. नुसतं आवडतं म्हणून केलं, की ‘रिकामटेकडी’ झालीच म्हणून समजा.

बचत गटाच्या कामासाठी मी खेड्यांतून फिरते. एका बैठकीत विचारलं, “तुमच्यापैकी स्वतःचा फोन कुणाकुणाकडे आहे?” काही हात वर झाले. मागची एक बाई हसत म्हणाली, “फोन मालकाचा हाय ताई, मी निस्ता चार्जिंगला लावते.” सगळ्या हसल्या, मीही हसले. परत येताना एसटीत मात्र हसू आलं नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असं दिसलं, की देशात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी साधारण ५४ जणींकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल आहे. उरलेल्या कदाचित चार्जिंगला लावत असतील, नाहीतर माझ्यासारख्या पुसत असतील!

मी छंदाच्या विरुद्ध नाही हं. आमच्या जिल्ह्यातल्या तेरचंच बघा. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण जातो, पण तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे ते किती जणी बघतात? गावात, शेतात सापडलेली जुनी नाणी, मातीच्या मूर्ती, मणी, भांडी या माणसानं हौसेनं जमवली. लोकांना ती खापरं वाटत होती. त्याच संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आज अभ्यासक थेट रोमन काळातल्या पॉम्पेईच्या मूर्तीशी ताडून बघतात. एका माणसाचा नाद, पण त्यातून सगळ्या जिल्ह्याला आपलं दोन हजार वर्षांचं घर दिसलं. तेव्हा नाद वाईट नसतो. तो एकट्यापुरता कुलपात राहिला की मात्र वाया जातो.

आणि बाईला असा नाद लागला तर काय होतं, तेही सांगते. हॅम रेडिओ नावाचा छंद आहे. परवाना घेऊन, हौस म्हणून, बिनतारी यंत्रावरून जगभरच्या लोकांशी बोलायचं. दिल्लीच्या भारती प्रसाद या संसारी बाईला हा छंद. डिसेंबर २००४ मध्ये त्या आपलं यंत्र घेऊन अंदमानला पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, ते छंदापायीच. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले. तेव्हा त्यांचा तो हौसेचा रेडिओ बाहेरच्या जगाशी बोलू लागला. कोण सुखरूप आहे, कुठे मदत हवी, कुणाच्या घरी काय निरोप द्यायचा, हे सगळं त्यावरून जाऊ लागलं. “बायकांना कशाला हवीत असली यंत्रं?” असं त्यांच्या घरच्यांनी म्हटलं असतं आणि त्यांनी ऐकलं असतं तर?

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, “ताई, वेळ कुठाय? आणि पैसा?” खरं आहे. पण घरात दोन हजारांचं नवं काहीतरी येतं तेव्हा पैसा निघतोच ना? त्यातलं एखादं तुमच्या नावानं निघू दे. वेळेचं म्हणाल, तर रविवारी ह्यांच्या प्रयोगशाळेत चहा नेऊन देण्याऐवजी, चहा घेऊन तिथंच अर्धा तास बसा. काही बिघडलं तर? बिघडेल! ह्यांच्या हातून काय कमी बिघडलंय? माझा मिक्सर आठवा. फोनवरच्या फसवणुकीची भीती वाटते, तीही खरी आहे. पण फोन ज्याला येत नाही तोच आधी फसतो, हे मी गटातल्या बायकांचं बघून सांगते.

आणि पुरुष मंडळींना (कारण रविवारची ही पुरवणी तुम्हीही चोरून वाचता!) एवढंच सांगणं, की यंत्र बायकोच्या हातात देताना “जपून हं, महाग आहे” हे पहिलं वाक्य नको. त्या एका वाक्यानं हात मागे जातो तो वीस वर्षं पुढे येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा नळदुर्गला गेलो. या वेळी पाणीमहालाजवळ कॅमेरा माझ्या गळ्यात होता. पहिले दहा फोटो वाकडे आले, अकराव्यात माझं बोट आलं. बाराव्यात धबधबा अर्धाच आहे, पण पुढे आमचे हे आहेत, चष्मा पुसताना, केस उडालेले. वीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाचा एकही धड फोटो घरात नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. तो फोटो आम्ही छापून आणलाय. हार्डडिस्कवर ठेवून विसरलेला फोटो आणि काढलाच नाही तो फोटो, यात फारसा फरक नसतो. म्हणून सांगते, चांगले दहा-वीस तरी छापून घ्या आणि उरलेले दोन ठिकाणी ठेवा. डिस्क कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

गटातल्या बायकांनाही मी एक काम दिलं. घरातल्या म्हातारीचा फोटो काढायचा. नटवून बसवून नव्हे, ती जे करतेय ते करताना. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, नातवाला रागावताना. पुढच्या बैठकीला सतरा फोटो आले. चार्जिंगवाल्या त्या बाईनं ‘मालका’कडून फोन मागून घेतला होता. तिच्या फोटोत सासू चुलीपुढे बसून चक्क हसतेय.

तुमच्या घरातही असा एखादा नादिष्ट असेल. कुरकुर जरूर करा, तो आपला हक्कच आहे. पण त्याआधी कॅमेरा कुठल्या कपाटात आहे तेवढं आज विचारून घ्या. आणि जाताना फडकं दाराबाहेरच ठेवा.