खर्डीचे आदिवासी एका रकान्यात मावत नाहीत

2011 च्या जनगणनेतली खर्डी गावाची ओळ कुणालाही काढून पाहता येते. एकूण माणसे, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांखालची मुले, साक्षर, शेतकरी, शेतमजूर आणि मधे दोन रकाने, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. या ओळीवरून गावात आदिवासी किती ते कळते, ते कोण हे मात्र कळत नाही. खर्डी ज्यात येते तो ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे आणि तालुक्याच्या सव्वातीन लाखांच्या आसपास असलेल्या लोकसंख्येत साधारण तिसरा हिस्सा आदिवासींचा आहे. त्यात म ठाकूर आहेत, क ठाकूर आहेत, कातकरी, महादेव कोळी आणि वारली आहेत. त्यांच्या शेजारी कुणबी, आगरी, मराठा, बौद्ध, मुसलमान यांची वस्ती आहे, आणि कसाऱ्याची लोकल व मुंबई-नाशिक महामार्ग यांमुळे दुकानदारी-मजुरीसाठी बाहेरून आलेल्यांचीही भर पडत असते. एवढ्या नानाविध वस्तीतल्या निम्म्या तपशिलावर सरकारी कागद एकच शब्द लिहून मोकळा होतो. 2027 च्या जनगणनेत ही पद्धत बदलावी आणि जमातवार आकडे ग्रामपंचायतीच्या पातळीवर जाहीर व्हावेत, असे माझे म्हणणे आहे.

ही मागणी नवी माहिती गोळा करण्याची नाही, हे आधी लक्षात घ्यावे. प्रगणक घरी येतो तेव्हा अनुसूचित जमातीच्या माणसाला जमातीचे नाव विचारतोच आणि ते नोंदवतोही. पण छापताना गावाच्या आणि तालुक्याच्या पातळीवर सगळ्या जमातींची बेरीज होते, सुटे आकडे राज्य आणि जिल्हा पातळीवरच मिळतात. आता यातला जिल्हा कोणता? 2011 चा ठाणे जिल्हा म्हणजे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्यापासून मुरबाडपर्यंतचा अखंड जिल्हा. त्याची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 10 लाख होती आणि त्यात आदिवासी 15 लाख 42 हजार. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला, आदिवासीबहुल तालुके बहुतेक तिकडे गेले. त्यामुळे त्या जनगणनेतला कातकऱ्यांचा किंवा ठाकरांचा जिल्हावार आकडा शहापूर-मुरबाडसाठी काहीच सांगत नाही. तालुक्यात कातकरी किती, या साध्या प्रश्नाचे जनगणनेच्या प्रकाशित तक्त्यांत उत्तर नाही. ते उत्तर भरलेल्या अर्जांत आहे, फक्त बाहेर आलेले नाही.

बेरजेने काय बिघडते, असे कुणी विचारील. बिघडते ते असे. महादेव कोळी आणि ठाकूर यांच्यातल्या बऱ्याच कुटुंबांकडे थोडी का होईना शेती आहे. भाताची खाचरे आहेत, डोंगरउतारावर नाचणी-वरईची जागा आहे, सातबाऱ्यावर किंवा वनपट्ट्यावर नाव आहे. कातकऱ्यांचे तसे नाही. खैराच्या झाडापासून कात काढणे आणि कोळसा पाडणे हे त्यांचे जुने काम. जंगल राखीव झाले, ठेकेदारी आली आणि हे काम हातचे गेले. कूळकायद्याने जमिनी मिळाल्या त्या ज्यांचे नाव कूळ म्हणून लागले होते त्यांना. मजुरी करणाऱ्या कातकऱ्याचे नाव क्वचितच लागलेले असे. वनहक्क कायदाही 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा जमिनीचा ताबा आणि त्याचा पुरावा मागतो. हंगामाला गाव सोडणाऱ्या माणसाने तो कुठून आणायचा? कित्येक कातकरवाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, म्हणजे पायाखालची जागाही स्वतःची नाही. राज्यातल्या अनुसूचित जमातींची साक्षरता 2011 मध्ये 65.7 टक्के होती आणि कातकऱ्यांची त्याहून पुष्कळच खाली होती. केंद्राने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल ठरवले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. गावाच्या आकड्यांत हे सगळे एका सरासरीत बुडून जाते. ठाकूरवाडीतली मुले लिहू-वाचू लागली की गावातल्या आदिवासींची साक्षरता वाढलेली दिसते. शेजारच्या कातकरवाडीत एकही मूल लिहायला-वाचायला शिकलेले नसले तरी तो आकडा वाढतच राहतो.

याहून गंभीर गोष्ट मोजणीच्या महिन्याची आहे. लोकसंख्येची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी 2027 मध्ये होणार आहे आणि संदर्भाची वेळ 1 मार्चच्या मध्यरात्रीची आहे. फेब्रुवारीत खर्डी-कसारा पट्ट्यातल्या कितीतरी कातकरी झोपड्यांना कुडाचे दार लावून वर काटक्या टाकलेल्या असतात. माणसे भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलच्या वीटभट्ट्यांवर असतात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना बयाणा घेतलेला असतो, दसरा-दिवाळीनंतर टेम्पो येतो आणि कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाते. नवरा चिखल मळतो, बायको साचा भरते, पोरे ओल्या विटा उलटवतात. आठवड्याची खर्ची मिळते आणि हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. त्यात बयाणा फिटला नाही तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जाणे आले. जनगणनेचा नियम असा की माणूस गणनेच्या काळात जिथे राहत असेल तिथे मोजायचा. म्हणजे हे कुटुंब मोजले गेलेच तर भिवंडी तालुक्यात मोजले जाते. वर्षातले जे महिने ते आपल्या वाडीत राहते, तिथली शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान आणि नळयोजना त्याला वगळून आखली जाते. भट्टीवर कायम घर नाही, दारावर क्रमांक नाही, आणि पहाटे सुरू झालेले काम प्रगणकासाठी थांबत नाही. तिथे ते सुटूनही जाऊ शकते. सगळ्यांत दुर्बल म्हणून सरकारनेच नोंदवलेली जमात तिच्या स्वतःच्या गावात कमी भरते, याला निव्वळ तांत्रिक त्रुटी म्हणता येणार नाही.

जमातीजमातींची मोजणी ही इंग्रजांची देणगी आहे, तिच्या मुळाशी वंशाची कल्पना आहे, असा एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून माणसांची प्रतवारी लावत होते. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये ठाकूर, काथकरी, वारली यांचे वेगवेगळे आकडे आहेत आणि जोडीला त्यांच्या स्वभावाबद्दल अशी विधाने आहेत की आज वाचवत नाहीत. पण मोजणाऱ्याचा हेतू वाईट होता म्हणून मोजणी टाकून द्यायची का? रिस्लेंना रक्ताचा शोध घ्यायचा होता. आपल्याला घर, जमीन, शाळा आणि कर्ज कुणाच्या वाट्याला कसे आले ते पाहायचे आहे. त्यासाठी कुणाचेही कपाळ मोजावे लागत नाही. याच जिल्ह्यात ना. गो. चापेकरांनी 1933 साली आपल्या बदलापूर गावावर ग्रंथ लिहिला. गावातल्या जाती, शेती, चालीरीती यांची बारकाईने नोंद करणे हे गावावरच्या प्रेमातूनही घडू शकते, हे त्यांनी दाखवले.

दुसरा आक्षेप आदिवासी चळवळीतून येतो आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जंगल, जमीन आणि पाण्यासाठी सगळ्या जमाती एकत्र लढल्या म्हणून काही मिळाले. आता सुटे आकडे आले की ठाकूर विरुद्ध कातकरी असा वाद लावला जाईल, ही ती भीती. 1 ऑगस्ट 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिल्यापासून ती वाढली आहे. पण एकी टिकते ती आतल्यांना आपल्यावर अन्याय होत नाही असे वाटते तोवर. कातकऱ्याला सवलतीतला वाटा मिळत नाही हे गावात सगळ्यांना माहीत असते. आकडा लपवल्याने ते माहीत असणे नाहीसे होत नाही, फक्त त्यावर बोलायला आधार उरत नाही. तसेही 30 एप्रिल 2025 ला केंद्राने सर्व जाती मोजण्याचा निर्णय घेतला आहे, आणि 1931 नंतर प्रथमच तसे होणार आहे. कुणब्यांचा, आगऱ्यांचा, मराठ्यांचा आकडा नोंदला जाणार असेल, तर आदिवासींनीच एका बेरजेत का राहावे?

पीएम-जनमन योजनेसाठी कातकरी वस्त्यांचे सर्वेक्षण झाले आहे, मग जनगणना कशाला, असेही म्हटले जाईल. 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेली ही 24,104 कोटींची योजना गरजेचीच आहे. पण जो विभाग घरकुले वाटतो त्यानेच लाभार्थी मोजले, तर किती सुटले हे तपासायला बाहेरचा आकडा हवाच. राहिला खासगीपणाचा मुद्दा. पाच-सात घरांच्या पाड्याचा सुटा तक्ता छापला तर माणसे ओळखू येतील हे खरे, म्हणून पाड्याचा नको, ग्रामपंचायतीचा छापावा. गावागणिक अनुसूचित जाती-जमातींचे आकडे आपण कितीतरी दशके छापत आलो आहोत.

ही जनगणना मोबाइलवर भरली जाणार आहे, त्यामुळे जमातवार तक्ता ग्रामपंचायतीपर्यंत काढणे संगणकाला अवघड नाही. अवघड आहे ते भट्टीवरचे काम. ठाणे, पालघर आणि रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी चालू भट्ट्यांची यादी जानेवारी 2027 पर्यंत तयार ठेवावी, प्रत्येक भट्टीला प्रगणक नेमून द्यावा आणि त्याने काम थांबल्यानंतर, संध्याकाळी, झोपड्यांवर जावे. जन्माचे आणि आधीच्या राहण्याचे ठिकाण जनगणना विचारत आलीच आहे. त्या उत्तरात जिल्ह्याबरोबर गावाचे नाव नीट लिहून घ्यावे आणि हंगामी स्थलांतरितांचा गाववार तक्ता शहापूर व मुरबाडच्या तहसीलदारांकडे पाठवावा. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने तो वाडीवरच्या माहितीशी ताडून पाहावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, तयारी मात्र आधीच्या दिवाळीला, टेम्पो वाडीवर येतात तेव्हाच, सुरू करावी लागेल.